उकल पुढल्या गणपतीला

आमचे सर कोणाच्या मयताहून परत आले की अंगणात पाय धुता धुता बायकोला सांगत, "आवरून गेला हो, छान आवरून गेला." नाहीतर चेहरा पाडून म्हणत, "फुटला." आम्ही त्यांच्याच आळीत राहायचो, म्हणून मला हे नेहमी ऐकू यायचं. ज्यांना सरांची भाषा माहीत नव्हती त्यांना वाटायचं, हा माणूस मयताला गेला होता की फटाक्यांच्या दुकानात.

सर रत्नागिरीच्या एका कॉलेजात आम्हाला पेशीशास्त्र शिकवायचे. पेशी कशी जगते हा भाग ते दोन-चार तासांत उरकायचे आणि उरलेलं वर्ष ती मरते कशी यात घालवायचे. त्यांच्या मते जगात मरायचे दोनच प्रकार होते. पेशीला चटका बसला, मार लागला की ती फुगते, फुटते, आतलं सगळं शेजाऱ्यांच्या अंगावर उडतं आणि शेजारी सुजून बसतात. हे फुटून मरणं. दुसरी पेशी म्हातारी होते, बिघडते, शरीराला नकोशी होते. ती आतल्या आत आवराआवर करते, सामानाची गाठोडी बांधते, शेजारच्या पेशी येऊन गाठोडी उचलून नेतात आणि तिथं कोणी राहत होतं याचा मागमूसही उरत नाही. हे आवरून मरणं. "पाहुण्यानंसुद्धा असंच जावं," सर म्हणत, "चहाचा कप विसळून." त्यांच्याकडे येणारे पाहुणे खरोखरच जाताना कप विसळून पालथा घालत. मीसुद्धा घालायची.

शिक्षक म्हणून ते चांगले होते असं म्हणवत नाही, कारण परीक्षेत विचारतात त्यातलं निम्मं त्यांनी कधी शिकवलंच नाही. वाईट होते असंही म्हणवत नाही. त्यांनी जे शिकवलं ते आजही मला झोपेतून उठवून विचारलं तर घडाघडा सांगेन.

त्यांच्या स्कूटरची गोष्ट आधी सांगते, म्हणजे माणूस लक्षात येईल. स्कूटर त्यांच्या लग्नातली. ती चढावर थांबायला लागली तेव्हा बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, भंगारवाल्याला बोलावलं. सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "ही फुटून जाणार नाही. ही आवरून जाणार." आणि त्यांनी चालत्या स्कूटरचे अवयव वाटायला सुरुवात केली. आरसा कॉलेजसमोरच्या न्हाव्याला दिला. पुढचा दिवा मिरकरवाड्यातल्या एका होडीवाल्याला दिला. स्टेपनीचा टायर आळीतल्या पोरांना झोपाळ्यासाठी गेला आणि हॉर्न आमच्या स्नेहसंमेलनातल्या एसटीच्या नाटुकल्यात. मग सर दोन्ही हात हँडलवर आणि मान उंच करून "बाजू होऽऽ" असं ओरडत कॉलेजला यायचे. एकदा पोलिसानं अडवलं.

"आरसा कुठाय?"

"दिला."

"हॉर्न?"

"दिला."

"दिवा?"

"दिला."

"लायसन ठेवलंय की तेपन दिलं?"

सर म्हणाले, "स्कूटर मरतेय हो. आवरतेय बिचारी. अडवू नका." पोलिसानं टोपी काढली की डोकं खाजवलं ते मला दुरून नीटसं दिसलं नाही, पण त्यानं वाट दिली खरी. शेवटी उरलेलं इंजिन सरांच्या चुलतभावाच्या वाफ्यांना पाणी खेचायला गेलं, तेव्हा सर समाधानानं म्हणाले, "बघा, कुठं सूज आली?"

सूज आली होती ती मिरकरवाड्यात. एका सकाळी सरांनी आमचा अख्खा वर्ग लिलावाच्या वेळी बंदरावर नेला. मासा मेला की त्याच्या पेशींतल्या पाचक पिशव्या फुटतात आणि तो स्वतःलाच आतून पचवायला लागतो, हे त्यांना दाखवायचं होतं. एका पाटीतली पोट फुटलेली तारली त्यांनी उचलली, तिच्यात बोट घातलं आणि व्याख्यान सुरू केलं.

"ओ मास्तर, बोट काडा!" कोळीण ओरडली. "घ्यायची नाय तर फोडताव कशाला?"

"मी नाही फोडली बाई. तिच्या पिशव्या फुटल्या."

"कसल्या पिशव्या? ताजी हाय ती! कालच्या रातची!"

"म्हणजे रात्रीपासून स्वतःलाच खातेय," सर आमच्याकडे वळून म्हणाले. "लिहून घ्या."

पाटीपुढची दोन गिऱ्हाइकं हातातली तारली खाली टाकून चालती झाली. पुढे काय झालं ते सविस्तर सांगत नाही. सगळी पाटी घेतल्याशिवाय कोळणीनं आम्हाला जेटीवरून हलू दिलं नाही, आणि आमचा विभाग कितीतरी दिवस ओळखायला दारावरची पाटी बघावी लागत नव्हती, नाक पुरत होतं.

तर ती पाचक पिशवी. पुस्तकात तिला लायसोसोम म्हणतात. सर तिला गायरी म्हणत. त्यांच्या गावाकडे गोठ्यामागे एक खड्डा असतो, त्यात शेण, पाचोळा, घरातला केर पडतो, कुजतो आणि त्याचं खत होतं. ती गायरी. पेशीही आपला मोडका-तोडका केर या पिशवीत टाकते, पचवते आणि त्यातलं कामाचं पुन्हा वापरते. "लोक तिला उकिरडा समजतात," सर कळवळून सांगत. "अरे, घरातलं सगळ्यात शहाणं माणूस ते. घर कधी सावरायचं नि कधी सोडायचं, तिथं कळतं."

कारण त्या गायरीत नुसता केर नसतो, कॅल्शियमचा साठाही असतो. तिच्या भिंतीला झडपा असतात. झडप उघडली की कॅल्शियम बाहेर येतं. त्या झडपेचं खरं नाव एसटीच्या नंबरप्लेटसारखं आहे, अक्षरं आणि मागे आकडा. सरांनी ते फळ्यावर एकदा लिहिलं आणि लगेच पुसलं. कॅल्शियमलाही त्यांनी आयुष्यात कधी कॅल्शियम म्हटलं नाही. चुना. सर पान खायचे, खिशात पितळेची चुन्याची डबी असायची, आणि हा धडा त्या डबीवर चालायचा. करंगळीच्या टोकावर इवलासा चुना घेऊन ते म्हणत, "एवढा सुटला तर पेशी जागी होते. केर काढते, मोडकं पचवते, जगते. पानाला रंग चढतो तसं." मग अंगठाभर चुना घेऊन, "आणि एवढा सुटला तर तो शेजारच्या वीजघरात शिरतो. वीजघर फुगतं, आणि तिथून आवराआवर सुरू." वीजघर म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं मायटोकॉन्ड्रियन. नीट समजावं म्हणून त्यांनी एका मुलाला दुसरा डोस प्रत्यक्ष खायला लावला. तो मुलगा आता लोट्याला एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो आणि त्याच्या पाळीत कोणाला पान खाऊ देत नाही.

पण धड्याचा शेवट दर वर्षी एकाच जागी अडायचा. एवढा म्हणजे नेमका किती? आणि झडप किती उघडायची, पेशीनं सावरायचं की मरायचं, हा हुकूम शेवटी देतो कोण? सर फळ्यावर हे मोठं प्रश्नचिन्ह काढत, त्याच्याभोवती गोल करत आणि हात झटकून म्हणत, "हे अजून जगात कोणालाच धड माहीत नाही. उद्या पुढचं." त्या वेळी त्यांचा चेहरा असा खुललेला असायचा की आम्हाला वाटायचं, हे गुपित त्यांनीच लपवून ठेवलंय.

आता सरांची दुसरी बाजू. सर आतल्या बाजूच्या एका गावचे. त्यांचे वडील शेती करायचे आणि गणपतीत जाखडीचे शाहीर व्हायचे. मधे शाहीर, मृदंग, झांजा आणि भोवती पायात चाळ बांधून गोल फिरणारे नाचे. सरांच्या वाडीचं मंडळ शक्तीवाल्यांचं, आणि खाडीपलीकडच्या गावाचं तुरेवाल्यांचं. माया मोठी की शिव मोठा, यावर या दोन मंडळांचं पिढ्यान् पिढ्या भांडण, आणि ते दर गणपतीला सवाल घालून भांडायचं. त्या पलीकडच्या गावचे शाहीर म्हणजे सरांचे सख्खे मेहुणे. बाईंचा मोठा भाऊ. वर्षभर दोघं एकमेकांना फणस-कोकमं पाठवत आणि गौरीच्या सणाला एकमेकांची सात पिढ्यांची अब्रू काढत. बाई सामन्याला माहेरच्या बाजूला बसायच्या, हे सरांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. निदान तसं ते म्हणायचे.

वडिलांमागे मंडळ सरांकडे आलं आणि तेव्हापासून ते लागोपाठ हरत होतं. सर सवाल चांगले घालत, पण मेहुण्यांचं तोंड हजरजबाबी. त्यात नाचायला माणसं उरली नव्हती. पोरं मुंबईला, जयगडच्या बंदरावर, लोट्याच्या पाळ्यांत. गणपतीला यायची ती दमून यायची. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो त्या वर्षी वाडीची बैठक झाली आणि ठरलं, यंदा हरलो तर मंडळ बंद. मृदंग देवळाच्या आढ्याला टांगायचा.

सरांनी हे आम्हाला प्रयोगशाळेत सांगितलं. मी, वर्गात सगळ्यात आगाऊ, म्हणाले, "मग काय झालं सर? मंडळ म्हातारं झालं. आवरून मरू दे की."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जमिनीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. "मरायचा हुकूम कोणाचा, ते कळल्याशिवाय मरायचं नसतं गो," ते म्हणाले. मग जरा थांबून, गावच्या बोलीत, "माझ्या बानं गळा फाटेस्तवर राखलंन हां त्येला. माझ्या हातनं बंद पडला ना, तर मी फुटून मरनार. सांगून ठेवतो."

एवढा आवरलेला माणूस फुटायच्या गोष्टी करतोय हे बघून आमचे डोळे भरून आले, आणि आम्ही सगळ्यांनी नाचायचं कबूल केलं. प्रात्यक्षिकाच्या गुणांचाही थोडा विचार होता, नाही असं नाही.

सवाल ठरला होताच. पेशीचं मरण. मेहुणे पुराणांत पक्के, रामायण-महाभारतातलं काही विचारलं की तोंडातून शब्द निघायच्या आत उत्तर. पेशी त्यांच्या बापजन्मात आली नव्हती. पण जाखडीचा एक नियम आहे. ज्यानं सवाल घातला त्याच्याकडे उकल असलीच पाहिजे. समोरच्यानं हात टेकले आणि तुम्हाला उकल सांगता आली नाही, तर हार तुमची. मी सरांना विचारलंही, "सर, याची उकल तर तुम्ही दर वर्षी फळ्यावर प्रश्नचिन्ह काढून सोडता."

"मेहुणा हात टेकणारा माणूस आहे का?" सर म्हणाले. "जन्मात टेकले नाहीत. चूक का होईना, दिवे लागेपर्यंत उत्तरं देत राहील. एकही बरोबर येणार नाही. पंच कंटाळून आपल्याला जिंकवतील." शास्त्राच्या माणसानं आयुष्यात एकदा अंदाजावर काम केलं, ते असं.

तालीम प्रयोगशाळेत झाली. मधे मृदंगवाले तात्या, सरांच्या वडिलांच्या वेळचे, आणि त्यांच्याशेजारी जागा नव्हती म्हणून हलवता न आलेला हाडांचा सांगाडा. भोवती आम्ही पायात चाळ बांधून गोल. तो गोल म्हणजे गायरीची भिंत. आत कपाळाला चुना फासलेली पाच पोरं, ती कॅल्शियम. "झडप उघडली" म्हटलं की मी आणि शेजारच्या मुलीनं हात सोडायचे आणि एकेका पोरानं बाहेर यायचं. तात्या पहिल्याच दिवशी सांगाड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्ये बरं हाय. ह्येला मुंबईला जावं लागत नाय."

सामना गौरीच्या सणाला, सरांच्या गावच्या देवळापुढे. आम्हाला संध्याकाळची एसटी धरायची होती म्हणून सरांनी तो दुपारी ठेवायला लावला. दुपारी जाखडी हा प्रकार गावानं पाहिलेला नव्हता. सणाचं जेवून लोक पेंगत आले होते. मेहुणे भरजरी फेट्यात, मागे धडधाकट नाचे. सर पँटवर चाळ बांधून, मागे आम्ही. आमच्याकडे बघून पलीकडच्या गावच्या बायका पदर तोंडाशी धरून हसल्या, आणि त्यांत बाई होत्या.

गण झाला, गौळण झाली. मग सरांनी डोळे मिटले, तात्यांनी मृदंगावर हात टाकला आणि सवाल आला:

इवल्या घरात गायरी, गायरीत चुना भरला,
झडप उघडली कोणी, चुना बाहेर सरला,
थोडा आला तर घर सावरलं, फार आला तर घर मेलं,
सांग रे तुरेवाल्या शाहिरा, हे कुणाच्या हुकमानं झालं?

"झडप उघडली"ला आम्ही हात सोडले. पहिला पोरगा झोकात बाहेर आला. दुसऱ्याच्या पायातली चाळ तिसऱ्याच्या चाळीत अडकली, आणि उरलेलं सगळं कॅल्शियम एकदम भिंत फोडून बायकांच्या घोळक्यात जाऊन पडलं. करंज्यांचं ताट उडालं. पोरं किंचाळली. सर गाणं न थांबवता, त्याच चालीत म्हणाले, "हे फुटून मरणं, नमुना म्हणून दाखवलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेंगणारं गाव खडबडून जागं झालं.

मेहुणे उठले. पहिलं उत्तर आलं, "यमाच्या हुकमानं!" सर म्हणाले, "चूक." मग ब्रह्मदेवाच्या, मग सटवाईच्या. चूक, चूक. मग मेहुण्यांनी मिशीवर हात फिरवला. "भावोजी, चुना घरातनं भाईर कदी निगतो? गनपतीत, भिंतींना लावायला. आनि त्यो काय आपन लावतो? कोनाच्या हुकमानं लावतो? बायकोच्या!" देवळापुढचे सगळे लोक लोळायचे बाकी राहिले. आमच्या बाजूचे पुरुषसुद्धा माना डोलवत होते. पंच म्हणून बसलेले गावचे वडीलधारे आजोबा तर डोळे पुसत होते.

"चूक," सर म्हणाले, पण हसू आवरताना त्यांना त्रास झाला.

आणि मग मेहुणे शांतपणे खाली वाकले, दोन्ही तळवे जमिनीला लावले आणि म्हणाले, "हात टेकले. सांगा उकल."

मी सरांकडे पाहिलं. तोंडात पान तसंच राहिलं होतं. त्यांनी सुरुवात जोरात केली. गायरी म्हणजे काय, झडप कशी, थोड्या चुन्यानं पेशी कशी सावरते, फार चुना वीजघरात शिरला की काय होतं, सगळं यमकात, झांजेच्या ठेक्यात. लोक कान टवकारून ऐकत होते. आणि शेवटच्या ओळीशी येऊन ते थांबले. हवेत बोटानं त्यांनी काहीतरी काढलं. आमच्यापैकी प्रत्येकाला कळलं, ते प्रश्नचिन्ह होतं.

"बोल की!" तात्या मृदंगावर ओणवून कुजबुजले. "काय पन बोल! देवाच्या हुकमानं बोल!"

"नाय रे तात्या," सर म्हणाले. "तसा कुटं छापून आलेला नाय."

"मग गायरीच्या बोल!"

"तेपन नक्की नाय."

मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "उकल मला ठाव नाय. कोनालाच ठाव नाय अजून. लोक शोधतायत."

एक शब्द खोटा बोलायचा होता. कोणीही खोडून काढणारं नव्हतं. मला त्या क्षणी सरांचा भयंकर राग आला आणि तेवढाच अभिमान वाटला. पंच आजोबा काठी टेकत उठले. तात्यांनी गळ्यातून मृदंगाचा पट्टा काढायला घेतला. त्यांच्या बोटांना बक्कल सापडेना. सर खाली बघत चुन्याची डबी उघडत होते, मिटत होते.

"दादा!" बायकांतून आवाज आला. बाई उभ्या होत्या, पदराला करंजीचं सारण लागलेलं. "ह्येंचा मंडळ बंद पडला तर पुढल्या वर्साला तू भांडनार कोनाशी? भिंतीशी?"

मेहुण्यांचा हात मिशीवरच राहिला. त्यांनी तात्यांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग आपल्या धडधाकट मंडळाकडे. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं असं दिसलं. ते पंच आजोबांपाशी जाऊन बसले. दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी आजोबांनी काठी आपटून निकाल दिला तो असा. सवालाची उकल जगात कोणालाच ठाऊक नसेल, तर त्यात शाहिराचा दोष नाही, तोवर हार नाही. पण ज्या दिवशी ती कोणालाही सापडेल, त्या दिवशी उकल होती आणि शाहिराला ठाऊक नव्हती असं ठरेल. त्या दिवशी शक्तीवाले हरले, आणि मृदंग देवळात. तोवर दर गणपतीला येऊन हिशोब द्यायचा. सापडली की नाही.

"मंजूर हाय?" आजोबांनी विचारलं.

सरांनी चुन्याची डबी मिटून खिशात टाकली. तात्यांनीच मृदंगावर एक सणसणीत थाप मारली.

तेव्हापासून आमचे सर हे भारतातले असे एकमेव पेशीशास्त्राचे प्राध्यापक असतील, ज्यांना आपल्या विषयात शोध लागू नये असं मनापासून वाटे. नवा शोधनिबंध आला की आधी त्यांचं तोंड उतरायचं. ते तो उलटीकडून वाचायला घेत. शेवटच्या परिच्छेदात "याबाबत आणखी संशोधनाची गरज आहे" हे वाक्य सापडलं की चष्मा काढून पुसत आणि चहा मागवत. ते वाक्य बहुतेक सगळ्या निबंधांत असतंच. सर ते पान छापून, त्याखाली तांबडी रेघ मारून गावाला नेत. पंच आजोबा ते इंग्रजी पान डोळ्यांपासून लांब धरून, बरेचदा उलटं, वाचत आणि "बरोबर हाय" म्हणून मान हलवत.

सामना त्यामुळे वाढला. दर सामन्याच्या सुरुवातीला मेहुणे खणखणीत आवाजात विचारायचे, "लागला का निकाल, भावोजी?" सर म्हणायचे, "नाय!" आणि सगळी वाडी ओरडायची, "नाऽऽय!" मग मृदंग. एवढ्यासाठी मुंबईची पोरं रजा वाढवून राहू लागली. मुली नाचायला आल्या. मेहुणे घरी सरांना खाजगीत सांगत, "भावोजी, ह्यो सवाल सांभाळा. इतका चालनारा सवाल माझ्या बापानं पन घातला नाय."

सर निवृत्त झाले. मी शिकत शिकत पुण्याला एका प्रयोगशाळेत पोचले, आणि नशिबानं माझ्या वाट्याला काम आलं ते त्याच नंबरप्लेटसारख्या नावाच्या झडपेचं. सरांना पेढे पाठवले. त्यांचा फोन आला. "अभिनंदन," ते म्हणाले, पण ते दुखवट्याला म्हणतात तसं. "सावकाश कर हो. घाई नको." त्यानंतर दर महिन्याला फोन. "काय म्हणतोय प्रयोग?" "फसला सर." "वा वा! तब्येत बरी आहे ना?"

यंदा पावसाळ्याच्या शेवटी प्रयोग जमला. झडप उघडी ठेवणारं एक प्रथिन आम्हाला सापडलं. ते काढून घेतलं की त्या पेशी मरायच्या त्या सावरत होत्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला आनंद कोणाला सांगू असं झालं. शिकवलेलं ज्यांनी, त्यांनाच पहिला फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"सर?"

"ऐकतोय," ते म्हणाले. आवाज अगदी म्हातारा. "म्हणजे हुकूम कोणाचा ते कळलं म्हण."

मला तेव्हा मंडळ आठवलं. मृदंगाचं बक्कल शोधणारी तात्यांची बोटं आठवली.

मग सरांनी घसा खाकरला. शेवटी ते मास्तरच. "कुठल्या पेशीत बघितलंस?"

"यकृताच्या."

"मेंदूच्या नाही?"

"नाही सर."

"हृदयाच्या?"

"नाही."

"जिवंत प्राण्यात, की काचेत?"

"काचेत."

"माणसाच्या पेशी?" आवाज हळूहळू तरुण होत होता.

"उंदराच्या, सर."

फोन तसाच बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि लांबून, घराच्या आतल्या बाजूला तोंड करून मारलेली हाक ऐकू आली. "अगो, घाबरू नको! काय नाय! उंदीर हाय नुसता!"

गौरीच्या सणाला मी गेले. सर फेटा बांधून, काठी घेऊन. तात्यांचा नातू मृदंगावर, तात्या शेजारी खुर्चीत. मेहुणे उठले, पण या वेळी ते सरांकडे वळलेच नाहीत. बोट माझ्याकडे.

"बाय, तू पुन्याला ह्येच करतस म्हनं. लागला का निकाल?"

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. सर बघत नव्हते. ते चुन्याची डबी उघडत होते, मिटत होते. मी खरं तेच सांगितलं. "उंदरापर्यंत पोचलाय. माणसापर्यंत नाय."

पंच आजोबांनी मखरातल्या गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराकडे एकदा पाहिलं आणि काठी आपटली. "त्यो घरचाच हाय. त्येला धरत नाय."

"नाऽऽय!" वाडी ओरडली. मृदंग घुमला. सर उठले, काठी बाजूला ठेवली, पँटवर चाळ बांधली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी ससा घे गो."